नावं आधी, फोटो मागनं

‘सप्टेंबरात लंडनला मास्टर्सला निघालेय. आजीच्या ट्रंकेतल्या फोटोंवरनं पोर्ट्रेटची मालिका करायची आहे. बरोबर काय घेऊ? तिकडं एकटेपणा येतो का?’ असं तू विचारलंस. व्हिसा, फी, भाडं त्या त्या वेबसाइटवर आहे. ट्रंकेचं तेवढं सांगतो.

ट्रंक कोल्हापुरातच राहू दे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं १०० वर्षांवरची चित्रं आणि ७५ वर्षांवरचे ऐतिहासिक मोलाचे कागद खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. कोल्हापूर संस्थान १९४९ला विलीन झालं, म्हणजे करवीर (कोल्हापूरच्याच) सरकारच्या शिक्क्याचा कागद निघाला तर वयानं तो त्यात बसलाच. मोडीत असेल तर जाण्याआधी लिप्यंतर करून घे. लंडनमध्ये मोडी वाचणारा शोधत बसशील.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला तेवढे ठिपके), पासपोर्टएवढे फोटो १२००ला, फाइल टिफ. पोस्टकार्डाएवढ्या रंगीत स्कॅनची फाइल साधारण २५ एमबी होते, त्या हिशेबानं हार्ड डिस्क घे. एक घरी, एक बरोबर, तिसरी प्रत ऑनलाइन. पाठ स्कॅन करायला विसरू नकोस, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. शिक्का नसेल तर मागचा रंगवलेला पडदा बघ. तोच खांब, तीच बाग दोन फोटोंत दिसली तर स्टुडिओ बहुधा एकच.

भिंतीवरचे फोटो आपल्या पावसाळ्यात काचेला चिकटतात. ओढलास की चेहराच काचेवर राहतो. फ्रेमसकटच कॅमेऱ्यानं टिप: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, कॅमेऱ्यामागं काळं कापड. पातळ, स्वस्त स्कॅनरवर फ्रेम ठेवू नकोस. काचेला टेकलेलंच त्याला नीट दिसतं, आतला फोटो धूसर येतो. आणि काचेवरचं कुंकू पुसू नकोस. पोर्ट्रेटला ते लागेल.

आता खरं काम. आमच्याकडं लग्नात बाईचं आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा पाळण्यातलं नावही जातं. म्हणजे एका चेहऱ्याला दोन नावं, आणि शाळेच्या दाखल्यात, जन्मनोंदीत सापडेल ते माहेरचं. प्रत्येक बाईची दोन्ही नावं, माहेरचं गाव आणि पेठ लिही. पोवार, पवार दोन्ही स्पेलिंगं शोध. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता. बॉलपेनची रेघ पुढून उठते. माझ्या डिस्कवर ‘अनोळखी स्त्री’ नावाच्या फाइली आहेत आणि आता विचारायला घरात कुणी उरलेलं नाही, म्हणून एवढं लांबवतोय.

फोटोंचे हक्क कुणाचे, हे तिकडं विचारतात. आपल्या १९५७च्या कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा. तेव्हा पैसे कुणी दिले तेही आजीला विचार.

कागदपत्रांत एकच सांगतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. जी. डी. आर्ट हा डिप्लोमा आहे, आणि चार वर्षं घासूनसुद्धा त्याला पदवी धरायचं की नाही, ते ठरवतो चित्र न बघणारा माणूस. तुझंही तेच असेल तर वर्षवार अभ्यासक्रम आणि तासिका कॉलेजच्या शिक्क्यानिशी इथूनच ने. नंतर मेलवर मागशील तर मिळेल याची खात्री धरू नकोस. तुमची परंपरा कुठली असं विचारलं तर आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही आपल्या कोल्हापूरच्या चित्रकारांची नावं बिनधास्त घे. ठाऊक नसतील तर सांग समजावून, त्यात लाजायचं काय?

एकटेपणाचं विचारलंस. येतो. पुढं जाऊ.

स्वतःचे कॅनव्हास नेणार असशील तर रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, किमान १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळ. आत वळवलास तर रंग चेपून सुटतो. मध्ये ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा कागद. बबल रॅप रंगाला लावलास तर फोडांचे गोल उमटतात. जाड थराचं तैलचित्र सहा महिन्यांनंतरही आतून ओलं असतं, ते इथंच ठेव. टर्पेंटाइन विमानात चालत नाही, तिकडं मिळतं.

निघायच्या आत आजीला एकेक फोटो हातात दे, मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव, ‘ही कोण?’ एवढंच विचार आणि मध्ये बोलू नकोस. सुरुवात मागच्या रांगेत कडेला उभ्या असलेल्या बायकांपासून कर. आजोबांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे.