निवृत्तीनंतर पैसा पुरेल की नाही, या धाकधुकीचं काय करायचं?

तुमचं गणित मला समजलं ते असं: मुलुंडला स्वतःचा फ्लॅट, वय 60, पत्नी 57. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक मिळून 70 लाख, ईपीएसची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन तीन हजार, घरखर्च महिना 45 हजार. हे किती वर्षं पुरेल या विचाराने झोप उडाली आहे.

किती वर्षं, याचं उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. पुढच्या चार वर्षांचा खर्च कोणत्या तारखेला कोणत्या खात्यातून निघणार, हे मात्र आज कागदावर मांडता येतं. तेवढं मांडलं की निम्मी धाकधूक उतरते.

आधी तो 45 हजारांचा आकडा तपासा. किराणा, गॅस, मेंटेनन्स, धुणंभांडी एवढं धरून लोक मोकळे होतात आणि वर्षातून एकदा येणारे खर्च राहून जातात: मेडिक्लेमचा हप्ता, गणपतीला गावी जाणं-येणं, लग्नकार्यातले अहेर, दाताचं काम. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, सगळे खर्च बेरजेत घ्या आणि बाराने भागा. पुढचा हिशेब 45 हजारच धरून करतो. तुमचा आकडा वेगळा निघाला तर तो घाला.

पहिले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पोस्टात किंवा बँकेत. एका माणसाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात. व्याजदर प्रत्येक तिमाहीला जाहीर होतो, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. खातं पत्नीसोबत जॉइंट उघडा, त्यांचं साठ पूर्ण नसलं तरी चालतं. व्याज बचत खात्यातच जमा व्हावं असं लिहून द्या, कारण न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याजच मिळत नाही, दिलेलं असेल तर मुद्दलातून वळतं करतात. दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलाचे दीड टक्के कापतात, त्यापुढे एक टक्का. म्हणून अडीअडचणीचा पैसा चुकूनही इथे ठेवू नका.

पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत जॉइंट खात्यावर 15 लाख ठेवता येतात; 7.4 टक्क्यांनी महिना 9,250. पेन्शन धरून दरमहा सरासरी 32,750 झाले. उरलेली तोंडमिळवणी पहिल्या वर्षी दीड लाखाची. महागाई सहा टक्के धरली तर ती वाढत जाऊन चौथ्या वर्षी अडीच लाखांवर जाते. चारही वर्षांची बेरीज आठ लाखांच्या घरात येते. तेवढ्याच एफडी करा, पण वेगवेगळ्या मुदतींच्या, म्हणजे दरवर्षी एक पिकेल.

पाच लाख हाताशी ठेवून उरलेले 12 लाख इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्याच शेअरमध्ये पैसे लावणारा म्युच्युअल फंड) किंवा हायब्रिड फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्हींत लावणारा). घरखर्चासाठी यांना निदान चार वर्षं हात लावायचा नाही. जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांखाली बंद झाला आणि नोव्हेंबरात पुन्हा 42 हजारांवर गेला. नुकसान झालं ते मधल्या काळात घरखर्चासाठी विकावं लागलं त्यांचं. बाजार वर असेल त्या वर्षी थोडे विकून पुढच्या एफडी भरायच्या, पडलेला असेल त्या वर्षी गप्प बसायचं.

व्याजदर घसरण्याची भीती खोटी नाही. ज्येष्ठांच्या याच योजनेचा दर 1 एप्रिल 2020 ला 8.6 वरून थेट 7.4 झाला होता. तीन वर्षांनी पत्नीचं साठ पूर्ण झालं की मासिक योजनेतले पैसे काढून त्यांच्या नावे ज्येष्ठांच्या योजनेत स्वतंत्र खातं उघडा (मासिक योजनेत तीन वर्षांनंतरही एक टक्का कापतात, तो जमेस धरा). दोन खात्यांच्या मुदती मग एकाच दिवशी संपणार नाहीत.

सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकाच ठिकाणी नेऊ नका. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट पाच लाखांचा आहे, शाखा कितीही असोत. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते.

आता ते हाताशी ठेवलेले पाच लाख. हे बहुतेक घरांत चुकतं. पैसा असतो, पण एकट्या नवऱ्याच्या नावावरच्या एफडीत. आणि नवरा आयसीयूत, सही कोण करणार? जॉइंट एफडी असली तरी मुदतीआधी मोडायला बँका बहुधा दोघांच्या सह्या मागतात. म्हणून यातले निदान तीन लाख ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ बचत खात्यात असू द्या, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतं. डेबिट कार्ड पत्नीच्या नावाचं हवं आणि त्यांनी ते एटीएममध्ये स्वतः एकदा वापरलेलं हवं.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज त्याआधीच द्या. नवी पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट वाचा. पाच लाखांच्या पॉलिसीत एक टक्का भाडं, म्हणजे रोज पाच हजार अशी अट असेल आणि तुम्ही दहा हजारांची खोली घेतलीत, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही निम्मेच मंजूर होतात. हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं. सत्तरी गाठली की सरकारच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

फ्लॅट जुना असेल तर रिडेव्हलपमेंट धरून चाला. एकाच वेळी अख्खी बिल्डिंग त्याच भागात भाड्याची घरं शोधते, त्यामुळे बिल्डर देतो ते भाडं अपुरं पडतं, कधी थकतंही. करारात दरवर्षीच्या भाडेवाढीचं कलम आहे का, ते सही करण्याआधी बघा. सहा महिन्यांचं भाडं पदरचं ठेवा. कॉर्पस (बिल्डरकडून एकरकमी मिळणारे पैसे) मिळालाच तर नव्या इमारतीच्या मेंटेनन्ससाठी राखा. लिफ्ट आणि गच्चीवरची बाग आली की मेंटेनन्स दुप्पट झालाच समजा.

सोसायटीत नॉमिनेशन केलं म्हणजे फ्लॅट नॉमिनीचा झाला, असं नसतं. तो वारसांचा विश्वस्त असतो. वेगळं मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्यांना त्यात काही मिळणार आहे ते किंवा त्यांचे नवरा-बायको साक्षीदार नकोत, आणि असलेले शक्यतो तुमच्याहून वयाने लहान असावेत.