सुटायच्या आधीची पाच मिनिटं

तुम्ही लिहिलंय की सायकल रेसिंगचं पहिलं पूर्ण वर्ष संपलं. नऊ रेस झाल्या, तीन अर्धवट सोडल्या, सगळ्यात चांगला क्रमांक एकतिसावा. आठ हजार किलोमीटर मारूनही असं का, आणि साठवलेल्या सत्तर हजारांत पॉवर मीटर (पेडलवर लावलेली ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र) घ्यावा की कार्बनची चाकं? चाकांचं शेवटी सांगतो, आधी वर्षाचं बघू.

आठ हजारचा आकडा जरा बाजूला ठेवा. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या गटात बारा वर्षं पडतोय-उठतोय. 2024 मध्ये माझे 9,600 किलोमीटर झाले आणि वर्ष फुकट गेलं. 2025 मध्ये घरच्या आजारपणामुळे जेमतेम 7,100 झाले, तरी वर्ष बरं गेलं. त्या जादा अडीच हजारांतले निम्मे तर मित्रांबरोबर बोपदेव घाट चढून पलीकडे मिसळ खायला जाण्याचे होते. ते किलोमीटर मला प्रिय आहेत, पण रेसच्या हिशेबात धरायचे नाहीत.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट होतो तो फायनल इन्स्पेक्शनला, पण तिथे तो बिघडलेला नसतो. बिघडलेला असतो तीन मशीन मागे, बहुतेक रात्रपाळीत. रेसचंही तसंच आहे. आपण ग्रुपमधून सुटलो, म्हणजे मागे पडलो, ती जागा आपल्याला पक्की आठवते: चढ, वळण, पुढच्याचं मागचं चाक हळूहळू लांब जाताना. मग आपण ‘पाय संपले’ असं म्हणून मोकळे होतो. मी गेल्या डिसेंबरात एक शंभरपानी वही घेऊन बसलो. डाव्या पानावर प्रत्येक रेसच्या संध्याकाळी मी काय लिहून ठेवलं होतं ते, उजव्या पानावर सायकल कॉम्प्युटरची फाइल काय सांगते ते. नियम एकच: ग्रुपमधून सुटलो त्या क्षणापासून पाच मिनिटं मागे जायचं आणि तिथे मी कुठे होतो, काय करत होतो, ते शोधायचं. अकरा रेसपैकी सात ठिकाणी डावं पान म्हणत होतं ‘पाय संपले’. उजव्या पानाने त्यातल्या फक्त दोन मान्य केल्या.

फेब्रुवारीतली क्रिटेरियम, म्हणजे छोट्या फेरीवर गोल गोल फिरायची रेस घ्या. साधारण 1.4 किलोमीटरची फेरी, चार काटकोनी वळणं, चाळीस मिनिटं. मी अठराव्या मिनिटाला सुटलो. त्याआधीच्या पाच मिनिटांत माझी सरासरी फक्त 228 वॉट. माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद, 250 आहे; वीस मिनिटं जीव तोडून जी सरासरी निघते तिचे 95 टक्के. तर 228 वॉटवर माणूस सुटायला नको. पण त्याच पाच मिनिटांत साडेपाचशे वॉटच्या वर गेलेले आठ झटके होते, प्रत्येकी सहा-सात सेकंदांचे. वळणंही साधारण तेवढीच. म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना मी एक स्प्रिंट मारत होतो.

अडतीस जणांत मी तिसावा होतो. पुढचे सात-आठ जण वळणात जेमतेम वेग कमी करतात. त्यांच्या मागचा थोडा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा अजून थोडा, आणि तिसाव्यापर्यंत येईतो सगळे जवळजवळ थांबलेले असतात. तेवढ्यात पुढचे वळून सरळ रस्त्यावर वेगात निघालेले. मागच्याने ते अंतर भरून काढायचं, ते भरेपर्यंत पुढचं वळण आलंच. हार्मोनियमचा भाता आठवा. माझ्या रविवारच्या ग्रुपमधला एक मित्र, एफटीपी माझ्याएवढाच, आठव्या जागी होता. त्याची फाइल मागून घेतली. सरासरी जवळपास तीच, झटके दोन. तो त्या दिवशी सहावा आला आणि संध्याकाळी म्हणत होता की फारसं दमायला झालं नाही. मला त्याचा रागच आला होता.

आता पुढचा प्रश्न. मी तिसावा का होतो? सुरुवातीच्या रेषेवर तर दुसऱ्या रांगेत उभा होतो. याचं उत्तर फाइलमध्ये नाही, ते मला माहीत होतं: भीती. 2019 मध्ये गर्दीत एकाच्या चाकाला चाक लागून पडलो होतो, गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून कोणाचा कोपर जवळ आला की मी नकळत पेडल सोडतो आणि तो आत घुसतो. दर फेरीला दोन जण पुढे गेले की झालं. हे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा सराव) मारून सुधारणार नव्हतं. आम्ही चौघांनी शनिवारी पहाटे एका रिकाम्या पार्किंगच्या मैदानात सराव सुरू केला. हळू वेगात खांद्याला खांदा घासत जायचं, चालत्या सायकलवरून वाकून जमिनीवरची बाटली उचलायची, एकमेकांच्या मागच्या चाकाला मुद्दाम हलकेच पुढचं चाक लावायचं. हे गवतावर करा, डांबरावर नको. वॉचमन हसायचा. सहा आठवड्यांनी कोपर लागला तरी पेडल सुटेना. सप्टेंबरच्या क्रिटेरियममध्ये मी मुख्य ग्रुपबरोबर संपवली, चौदावा. पाय फेब्रुवारीतलेच.

माझ्या वडिलांचे एक स्नेही जुन्या मुंबई-पुणे रेसमध्ये धावलेले. बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे, ते तुम्ही ऐकलं असेल. काका राजा कधी झाले नाहीत, पण त्यांच्या सगळ्या गप्पांचा रोख एकाच गोष्टीवर असायचा: घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत गावाच्या गर्दीतून बाहेर पडताना तुम्ही कितवे होता. तिथे विसावे असाल तर घाटात दहा जण तुमच्या डोळ्यांसमोर सुटणार, त्यांच्या फटी तुम्ही भरणार, आणि मग तुम्हीही सुटणार. मी वीस वर्षं ते म्हाताऱ्या माणसाचं पुराण म्हणून ऐकलं. या जानेवारीत, 2026 मध्ये, पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल रेस झाली, पाच दिवस आणि 437 किलोमीटर. मी एक दिवस रजा टाकून रस्त्याच्या कडेला उभा होतो. रस्ता अरुंद व्हायच्या कितीतरी आधीपासून पुढच्या जागांसाठी सायकलपटूंची जी झटापट चालली होती, ती बघून काका आठवले.

दुसरी जागा सिंहगडची. पायथ्याच्या नाक्यापासून वर गाडीतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, सहाशे मीटरच्या आसपास चढ. टाइम ट्रायल होती, एकेकट्याने जायचं, म्हणजे कोपराचा दोष नाही. तरी 2024 मध्ये 39 मिनिटांत गेलो होतो तिथे 2025 मध्ये 41 लागली. डावं पान: ‘शेवटचे तीन किलोमीटर पाय नव्हते.’ उजवं पान: पहिली तीन मिनिटं 330 वॉट. माझ्या पुढे एक मिनिट आधी निघालेला पिवळ्या जर्सीतला मुलगा दिसत होता आणि मला त्याला गाठायचं होतं, एवढंच कारण. गाठलं. मग वरच्या वळणावर त्याने मला परत गाठलं, वर ‘काका, पाणी हवंय का?’ असंही विचारलं. चढावर पहिला किलोमीटर सोपा वाटला पाहिजे, हे मी दहा जणांना शिकवलंय.

नोव्हेंबरातली मोठी रेस, 110 किलोमीटर, वाईच्या बाजूला. ब्याऐंशीव्या किलोमीटरला अशा एका चढावर सुटलो की त्याला चढ म्हणायची लाज वाटावी. पाच मिनिटं मागे गेलो तर काहीच नाही. 190 वॉट, नाडी 141, ग्रुपच्या मधोमध आरामात. इथे माझा पाच मिनिटांचा नियम अपुरा पडला, आणखी मागे जावं लागलं, थेट जर्सीच्या खिशापर्यंत. घरी आल्यावर खिशात दोन केळी, अडीच चिक्क्या तशाच निघाल्या. अडीच तासांत पोटात गेलं होतं एक केळं आणि अर्धी चिक्की, म्हणजे जेमतेम चाळीस ग्रॅम कार्ब्स. स्नायूंतला साठा रेसच्या वेगाने दीड-दोन तास पुरतो, त्यानंतर टाकी रिकामी. तासाला साठ ग्रॅम तरी जायला हवेत. सवय असेल तर नव्वदपर्यंत.

यासाठी महागडी एनर्जी जेलची पाकिटं घेऊ नका. मी 750 मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू घालतो. घरचं सरबतच ते, फक्त जास्त गोड. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं आणि शरीर ती दोन वेगवेगळ्या वाटांनी शोषून घेतं, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजपेक्षा ती पोटाला जास्त झेपते. मात्र रेसच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, महिनाभर रविवारच्या राइडला प्या. आणि कॉम्प्युटरवर दर पंधरा मिनिटांचा अलार्म लावा. रेसमध्ये भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो.

उरलेल्या दोन रेसमध्ये पाय खरंच संपले होते. दोन्हींच्या आधीच्या आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं आणि झोप रोजची पाच तास. त्यावर मला उपाय सापडलेला नाही. ऑडिटच्या आठवड्यात आता रेसला नावच देत नाही. पंक्चर एकदा झालं, त्याला कोण काय करणार.

आता तुमचे सत्तर हजार. हिशेब बघा. चाकांचं वजन चारशे ग्रॅमने कमी झालं असं धरू. माझं आणि सायकलचं मिळून वजन 81 किलो, म्हणजे फरक अर्धा टक्का. सिंहगडावरच्या चाळीस मिनिटांत त्याचे दहा-बारा सेकंद मिळतात. मी तीन मिनिटांच्या हौसेपायी दोन मिनिटं घालवली होती. अर्धी बाटली पाणी कमी नेलं तरी तेवढंच वजन वाचतं. सपाट रस्त्यावर उंच रिमचा थोडा फायदा होतो, पण तो वाऱ्याच्या तोंडी असणाऱ्याला. ग्रुपमध्ये नीट लपून बसलं तर ताकद पाव हिश्शाहून जास्त वाचते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पॉवर मीटर घ्याच, पण एका बाजूचा, डाव्या क्रँकचा (पेडल ज्या दांड्याला लागतं त्याचा). तो चाकांच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो. दोन्ही पायांचा वेगवेगळा आकडा कळून आपल्यासारख्यांचं काही अडत नाही. आणि फाइल उघडल्यावर सरासरीकडे बघायच्या आधी मी सांगितले तसे झटके मोजा. उरलेल्या पैशांत 28 मिमीचे चांगले टायर बसवा, तुमच्या फ्रेममध्ये मावत असतील तर, आणि हवा कमी ठेवा. आपल्या रस्त्यांवर टायरमध्ये 110 पीएसआय दाबाची हवा भरून हाडं खिळखिळी करून घेणारे अजून भेटतात.

पण खरेदीच्या आधी एक काम करा. ज्या तीन रेस तुम्ही अर्धवट सोडल्या त्यांचा फक्त वेग आणि नाडीचा आलेख असला तरी चालेल. वळणांमधून बाहेर पडताना वेग किती वेळा विशीत येऊन परत चाळिशीत गेलाय ते बघा. शेवटचं कधी खाल्लं होतं ते आठवत असेल तर तेही लिहा. ते इथे टाका, मग तुमची एकतिसावी जागा कुठे ठरली ते बघू. आणि शनिवारी पुण्यात असाल तर सकाळी साडेसहाला मैदानात या. पाचवा माणूस आम्हाला हवाच आहे. येताना एक जुनी बाटली आणा, आमची वॉचमनच्या मुलाने पळवली.