आधी वजन वाच

चि. पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रविवारचा मेसेज तीनदा वाचला. एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची, पहिलीच केस, आरोपी एकोणीस वर्षांचा, पँटच्या खिशात एमडीची पुडी. आणि आई म्हणते, ‘असल्या पोरांची वकीलपत्रं घेऊ नकोस.’ आईंना माझा नमस्कार सांग. त्यांची भीती खोटी नाही. या पावडरीने घरं कशी बसतात ते मीही जवळून पाहिलंय. तरी केस घे.

एफआयआरबद्दल, रिमांडबद्दल, कोर्टाच्या जिन्यात बसून रडणाऱ्या त्या मुलाच्या आईबद्दल तू दोन पानं लिहिलीस. आणि ज्या एका ओळीवर त्याची पुढची दहा वर्षं टांगलेली आहेत, ती तू कंसात टाकलीस : ‘वजन २.४ ग्रॅम, पुडीसह’.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते या कायद्याच्या यादीत आलं. त्याची अल्प मात्रा २ ग्रॅमपेक्षा कमी, व्यापारी मात्रा ५० ग्रॅमपेक्षा जास्त. अल्प मात्रा असेल तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा, जास्तीत जास्त वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड. तुझा पोरगा पुडीसकट मोजला तर मधल्या खणात पडतो. पुडीविना मोजला तर कदाचित पहिल्या. प्लास्टिकच्या एका चिमुकल्या पिशवीत नऊ वर्षं मावतात, इतका हा कायदा वजनाचा आहे.

सरकारी वकील तुझ्यापुढे हिरा सिंगचा निवाडा ठेवतील. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की अमली पदार्थात भेसळ असली, तरी वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं. ते मान्य कर, त्याच्याशी भांडत बसू नकोस. पण पिशवी ही भेसळ नव्हे. ती पावडरीत मिसळलेली नाही, बाहेर आहे. म्हणून पंचनाम्यात निव्वळ वजन वेगळं लिहिलंय का पाहा. काटा कुठून आणला, तो किती बारीक वजन दाखवतो, हे पंचाला विचार. दंडाधिकाऱ्यांपुढे कलम ५२अ खाली यादी आणि नमुने झाले तेव्हाचं वजन घे. प्रयोगशाळेच्या अहवालात मुद्देमालाचं वजन किती नोंदलंय ते घे. हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिही. जुळत असतील तर निमूट पुढे जा. जुळत नसतील तर तुझा जामीनअर्ज तिथेच सुरू होतो.

वजनावर फक्त तुरुंगाची वर्षं ठरत नाहीत. आरोपीला आजारी मानायचं की नाही, हेही बरंचसं त्यावरच ठरतं. कलम ६४अ तू वाचलंयस का? माझ्या अनुभवात या कायद्याचं हे सर्वांत कमी वापरलं जाणारं कलम. व्यसनी माणसावर कलम २७ चा, म्हणजे सेवनाचा, किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ त्याच्या पुढचं : दोषी ठरल्यावरही, तेवढ्याच प्रकारच्या गुन्ह्यांत, न्यायालय त्याला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. दोन्ही दारांना उंबरठा तोच, अल्प मात्रेचा. पोरगा स्वतः ओढत असेल आणि वजन २ ग्रॅमच्या आत आलं, तर त्याच्या आईला वकिलाआधी डॉक्टरकडे पाठव. मला अतिशय खटकतं ते हे, की २.१ ग्रॅम बाळगणारा व्यसनी १.९ ग्रॅम बाळगणाऱ्यापेक्षा कमी आजारी कसा?

आता माझं सांगतो, म्हणजे वजनाचा एवढा धोशा का लावलाय ते कळेल.

हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. ब्रिटिश काळापासूनचे अफूचे कायदे आणि १९३० चा धोकादायक औषधांचा कायदा मोडून तो आणला. पहिली सोळा वर्षं त्यात अल्प-मध्यम-व्यापारी अशी उतरंड नव्हती. चरस किंवा हेरॉइन बाळगलं की किमान दहा वर्षं. सेवनासाठी अगदी किरकोळ मात्रा आहे हे आरोपीनेच सिद्ध केलं तर त्या दहा वर्षांतून सुटका आणि फार तर एक वर्षाची शिक्षा, एरवी नाही. त्या काळात माझा एक अशील होता, ढाब्यावर भांडी घासणारा. त्याच्याकडे ८० ग्रॅम चरस सापडला. तो आत होता म्हणून मी खटला लवकर चालवून घेतला, साक्षीदार भराभर तपासले आणि त्याचा मला अभिमानही वाटला. २००१ च्या सुरुवातीला निकाल लागला : दहा वर्षं, एक लाख दंड. अपील केलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दुरुस्ती लागू झाली आणि १०० ग्रॅमच्या आतला चरस अल्प मात्रा ठरला, शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने. प्रलंबित खटल्यांनाही नवा कायदा लागू होता. पण अपिलात असलेल्या प्रकरणांना तो लागू नाही, असं त्याच दुरुस्तीत लिहिलेलं होतं. हा भेद पुढे सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला. मी खटला चालवत होतो तेव्हा दुरुस्तीचं विधेयक संसदेत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी घाई केली नसती तर तो माणूस घरी गेला असता. ही चूक माझी होती आणि त्याची वर्षं त्याने भोगली. अल्प मात्रेची शिक्षा २०१४ साली सहा महिन्यांवरून एक वर्ष झाली, तेव्हा राजपत्र मी त्याच दिवशी शोधून वाचलं.

बाकीचं थोडक्यात. पुडी खिशात सापडली, म्हणजे अंगझडती झाली. तिथे कलम ५० लागतं. बॅगेत सापडली असती तर ते लागलं नसतं. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती करून घेण्याचा तुला हक्क आहे, असं त्याला स्पष्ट सांगितलं होतं का ते बघ. ‘बोलवायचं का त्यांना?’ एवढं विचारणं पुरत नाही, हे २०१० च्या जडेजा निवाड्यात पक्कं झालंय. पोलिसांपुढे तो काय बोलला, याने घाबरू नकोस. तो कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. जामिनासाठीच्या कलम ३७ च्या दोन कडक अटींनाही घाबरू नकोस. त्या व्यापारी मात्रेला आणि कलम १९, २४, २७अ खालच्या वेगळ्या गुन्ह्यांना आहेत. तुझ्या मुलाचं वजन त्याच्या जवळपासही नाही. जामीनअर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ते लिही, नाहीतर ‘एनडीपीएस’ हा शब्द ऐकूनच न्यायाधीशांची मान नकारार्थी हलायला लागते.

आणि पोराला एकटं भेट, आई बाहेर असताना. तो कधीपासून घेतो, झोप लागते का, हात थरथरतात का, विचार. गुन्ह्याचं नंतर विचार.

पंचनाम्याची नक्कल मिळाली की फोटो काढून पाठव. वजनाची ओळ नीट वाचता येईल असा काढ. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

तुझा,
सर