किल्ली कुणाकडे आहे, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. एक कंपनी म्हणते, तुझी लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तुझा तयार कोड) आमच्याकडे आण, तुला पगार देऊ, काम ओपन सोर्सच राहील, म्हणजे कोड कुणालाही वाचता, वापरता, बदलता येईल. दुसरीकडे एका सरकारी प्रकल्पाचं बोलावणं आहे, तिथेही कोड खुला ठेवणार म्हणतात. आणि तू विचारतोस, ताई, यातलं खरं ओपन सोर्स कुठलं?

अरे, कोड दोन्हीकडे दिसेल. दिसण्याचं काय घेऊन बसलास! उद्या कुलूप लावायचं कुणी ठरवलंच, तर किल्ली कुणाच्या खिशात आहे, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा हे ठरवणारा परवाना कोण बदलू शकतो, ते विचार. मी तुला गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं. तेव्हा तू मान डोलावलीस आणि आता त्यांची स्लाइड बघून विरघळलास.

इलास्टिक या सर्च सॉफ्टवेअरच्या कंपनीने 2018 मध्ये जाहीर लिहिलं होतं की अपाची या मोकळ्या परवान्याखालच्या कोडचा परवाना आम्ही कधीच बदलणार नाही. जानेवारी 2021 मध्ये बदलला, अटी कडक केल्या. हॅशिकॉर्प कंपनीने सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्मचा ऑगस्ट 2023 मध्ये, रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च 2024 मध्ये. सेंटओएस 8 या फुकट लिनक्सला 2029 पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर 2020 मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने सांगून टाकलं की 2021 संपलं की संपलं.

यातलं काहीही बेकायदेशीर नव्हतं. म्हणूनच ‘दगा दिला, दगा दिला’ म्हणून गळा काढणाऱ्यांची मला चीड येते. दगा कसला? यातल्या बऱ्याच ठिकाणी पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवण्याआधी लोकांनी सीएलए नावाच्या करारावर सही केली होती. माझा कोड तुम्ही हव्या त्या परवान्याखाली वापरा, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. रेडिसचा बीएसडी परवाना तर इतका सैल, की पुढची आवृत्ती बंद करायला कुणाला विचारायचीही गरज नव्हती. इलास्टिकने 2024 मध्ये आणि रेडिसने 2025 मध्ये एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय आणला तेव्हा केवढ्या टाळ्या पडल्या! किल्ली होती तिथेच होती. ज्याने दोनदा परवाना बदलला तो तिसऱ्यांदा बदलू शकतो.

कंपनीचा पैसा आला की सगळं बाटतं, असं मात्र मी म्हणत नाहीये. लिनक्स कर्नलमधलं, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं, बहुतेक काम पगारी माणसंच करतात. पण त्या कोडचा कॉपीराइट हजारो माणसांत आणि कंपन्यांत वाटलेला आहे, आणि वर जीपीएल आहे, बदललेला कोड वाटलास तर तोही खुलाच ठेव म्हणणारा परवाना. उद्या लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या मनात आलं तरी त्याला एकट्याला परवाना बदलता येणार नाही. मला असंच हवं असतं. भल्या माणसाच्या हातात किल्ली आहे, यावर माझं समाधान होत नाही. भली माणसं नोकरी सोडतात, कंपनी विकतात, त्यांच्या डोक्यावर गुंतवणूकदार बसलेले असतात.

तू म्हणशील, फोर्क करता येतोच की, खुल्या कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवता येतो. येतो. टेराफॉर्मचा ओपनटोफू झाला, रेडिसचं व्हॅल्की झालं, तेही बघता बघता. पण व्हॅल्कीच्या मागे ॲमेझॉन, गुगल, ओरॅकलची माणसं होती, कारण त्यांचा धंदा त्यावर होता. तुझ्या लायब्ररीसाठी कोण धावून येणार आहे? फोर्कचं बटण सगळ्यांनाच असतं, तो वर्षानुवर्षं सांभाळायचं बळ फार थोड्यांकडे असतं.

आता सरकारचं. केंद्र सरकारचं 2015 चं ओपन सोर्स धोरण कागदावर चांगलं आहे, मी ते कितीतरी लोकांना वाचायला लावलंय. ओपन सोर्सला प्राधान्य द्या, निविदेत तशी अट घाला, पुरवठादाराने ओपन सोर्स टाळलं तर कारण देऊ दे. खाली मात्र अपवादाचं कलम आहे: तातडीची गरज असेल, तज्ज्ञ मनुष्यबळ नसेल, तर पुरेशी कारणं देऊन बंद सॉफ्टवेअरचा विचार करता येईल. सरकारी कामात तातडी नाही आणि मनुष्यबळ आहे, असं कधी झालंय का?

मी एका ठेकेदार कंपनीत असताना एका कार्यालयासाठी आम्ही नोंदणीची प्रणाली केली. करारात स्वच्छ लिहिलं होतं की सोर्स कोड खात्याच्या ताब्यात द्यायचा. दिला ना! एक सीडी, वर मार्करने आवृत्तीचा नंबर, पाकिटावर लाखेचं सील, दोन सह्या, आणि पाकीट गोदरेजच्या कपाटात. त्या सीडीवर बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायच्या सूचना, नव्हती. डेटाबेसचा स्कीमा (रचनेचा आराखडा) जुना होता. ज्या एका लायब्ररीशिवाय काहीच कंपाइल होत नव्हतं ती कंपनीची खाजगी होती आणि तिचा करारात उल्लेखही नव्हता. मी लेखी टिपण दिलं की खात्याच्या माणसाने खात्याच्या मशीनवर हा कोड बिल्ड करून दाखवल्याशिवाय ताबा मिळाला असं धरू नये. टिपण फाइलला लागलं. पुढे देखभालीचं कंत्राट संपलं आणि दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार होईना, तेव्हा पुन्हा त्याच कंपनीला, तिने सांगितलेल्या भावाने. कपाटाची किल्ली खात्याकडे होती हो! प्रणालीची नव्हती.

आरोग्य सेतूचं आठवतंय ना? एप्रिल 2020 मध्ये ॲप आलं, मेच्या सुरुवातीला नोकरदारांना ते सक्तीचं केलं, मेअखेर अँड्रॉइडचा कोड खुला केला. बातम्या झाल्या. सर्व्हरचा कोड मात्र त्या दिवशी आला नाही, आणि लोकांची माहिती जात होती ती सर्व्हरवर. पुढे माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं, हे ॲप बनवलं कुणी? तर एनआयसीने, सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, सांगितलं, आमच्याकडे माहिती नाही. ॲपच्या वेबसाइटवर त्यांचंच नाव होतं! ऑक्टोबरमध्ये केंद्रीय माहिती आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे आणि कर्ता सापडत नाही, असं खुलेपण मला नको.

आणि तुझ्या त्या प्रकल्पाच्या पत्रकात ‘ओपन एपीआय’ हा शब्द पानोपानी आहे. ओपन एपीआय म्हणजे त्यांनी ठरवलेल्या प्रश्नांना त्यांनी ठरवलेली उत्तरं, त्यांची मर्जी असेपर्यंत. उपयोगी असतं, नाही म्हणत नाही, पण त्याला ओपन सोर्स म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर तरी.

सरकारला जमतच नाही असंही नाही. केरळच्या शाळांत कितीतरी वर्षं जीएनयू/लिनक्स चालतंय. तिथे त्यांनी शिक्षक तयार केले. सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून ते टिकत नाही, वर्गात बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस शाळेतच असेल तर टिकतं.

मला हट्टी म्हणतात, ठाऊक आहे. त्या टिपणानंतर मला कुठल्या महत्त्वाच्या बैठकीला बोलावलं नाही, मग मीच नोकरी सोडली. माझ्याबरोबरचे आज धोरणांच्या समित्यांवर आहेत आणि मी तुझ्यासारख्यांना मेल लिहीत बसते. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. आत राहिले असते तर एखादं कलम बदलून घेतलं असतं, असं मनात येतं. पण जे आत राहिले त्यांनी कुठलं बदललं, ते मला कुणीतरी दाखवावं. पुन्हा वेळ आली तरी मी तेच टिपण लिहीन, त्याच शब्दांत. असो. आपण तुझ्या नोकरीबद्दल बोलत होतो.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. तुझ्या लायब्ररीची किल्ली तुझ्या एकट्याकडे आहे, हेही मला पटत नाही. तू आजारी पडलास तर नवी आवृत्ती रिलीज कोण करणार? आता तू लगेच एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरचं उदाहरण देशील. बरोबर आहे. तिथे प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या मेंटेनरवर दबाव आणून, वर्षानुवर्षं गोड वागून एकाने हक्क मिळवले आणि मार्च 2024 मध्ये त्यातली गुपचूप आत शिरायची मागची वाट उघडकीला आली. तीही एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर खोदत बसला म्हणून. लक्षात घे, ती वाट उघडून देणारा तुकडा गिटच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच, लोक डाउनलोड करतात त्या रिलीजच्या गठ्ठ्यात, टारबॉलमध्ये होता. सगळे वाचत होते एक आणि बसवत होते दुसरं. माझी ती सीडी आठवली की नाही? म्हणून भागीदार घे, पण ज्याचं काम तू ओळ न् ओळ पाहिलंयस असा. आणि रिलीज रिपॉझिटरीतूनच बिल्ड होऊ दे, कुणाच्या लॅपटॉपवर नको.

आता कामाचं. कंपनीच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम शोध. नोकरीच्या काळात घरी, स्वतःच्या मशीनवर लिहिलेलंही आमचं, असं त्यात बहुधा असेलच. तुझी लायब्ररी नावानिशी परिशिष्टात घालून त्यातून वगळून घे. कॉपीराइट त्यांच्या नावावर करू नकोस. पाहिजे तर त्यांनीही इतरांसारखे पॅच पाठवावेत, साइन-ऑफ करून, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क आम्हाला आहे असं नावानिशी सांगून, लिनक्सला चालतं ते त्यांनाही चालेल. प्रकल्पाचं नाव आणि डोमेन तुझ्याकडे किंवा एखाद्या संस्थेकडे ठेव. यातलं काही मान्य नाही म्हणाले तर पगाराचा आकडा मला सांगू नकोस, मला मोह पडणार नाही, तुला पडेल.

सरकारी लोकांना एवढंच विचार: पहिल्या टप्प्याचं बिल देण्याआधी तुमचा माणूस हा सगळा कोड तुमच्या मशीनवर बिल्ड करून दाखवणार आहे का? हो म्हणाले तर बिनधास्त जा, मी स्वतः पेढे घेऊन येईन. ‘ते पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणाले तर मला फोन कर.

कराराचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. पूर्ण पाठव, मागच्यासारखे निवडक स्क्रीनशॉट नकोत.

तुझी,
ताई