पुढून ‘टक-टक’ येतंय? आधी बॉनेट उघडा
वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच जागा पुन्हा पुन्हा येते: पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर, बॉडीच्या टॉवरखाली (बॉनेटखालच्या, शॉकअपचं वरचं टोक धरणाऱ्या पत्र्याच्या उंच भागाखाली) बसणारं रबरी माउंटिंग. म्हणून इतर प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : २०१० ची वॅगन-आर आहे, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गल्लीतून हळू जाताना, खडी उखडलेल्या रस्त्यावर डाव्या बाजूनं टक-टक येतं. मोठ्या स्पीड ब्रेकरवर मात्र काही नाही. गॅरेजमध्ये सांगतात, दोन्ही शॉकअप पूर्ण बदला. खरंच लागतील का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

नुसत्या आवाजावरून शॉकअप बदलू नका. तुम्ही लिहिलेली खूण कामाची आहे. मोठ्या उंचवट्यावर जोर बराच वेळ एकाच दिशेनं राहतो, त्यामुळे सैल झालेली जागा दाबलेलीच राहते. बारीक खडीवर तो जोर क्षणाक्षणाला उलटतो, आणि जिथे जागा सुटली आहे तिथे दर वेळी ठोका पडतो. अशी सुटलेली जागा सहसा दोनपैकी एका ठिकाणी असते, वरच्या माउंटिंगमध्ये किंवा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडमध्ये.

माउंटिंग तपासायला दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी लावा, बॉनेट उघडा. काही गाड्यांत वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढल्याशिवाय टॉवरचा वरचा भाग दिसत नाही. एकाला आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि टॉवरवरच्या रबरावर बोट टेकवा. इंजिन चालू असेल तर पंखा आणि बेल्टपासून बाह्या लांब ठेवा. माउंटिंगखालचं, स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगला फिरू देणारं बेअरिंग चांगलं असेल तर हालचाल गुळगुळीत लागते. अडकत असेल तर स्प्रिंग पिळवटत जाते आणि एकदम सुटते. तो ‘टण्ण’ आवाज कानाआधी बोटाला कळतो.

मग ती बाजू जॅकवर घ्या, चाक लोंबकळू द्या. माउंटिंगची मधली वाटी किती खाली-वर सरकली ते उजव्या बाजूशी ताडून बघा. थोडा फरक असतोच. पण एका बाजूची वाटी उघड्या डोळ्यांना सरकलेली दिसते, रबराला गोल चीर गेलेली आहे किंवा रबर लोखंडापासून सुटलंय, तर निकाल लागला. खाली दबून बसलेलं रबरही बादच.

लिंक रॉडची शंका फेडायची सोपी रीत म्हणजे दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते काढून, तारेनं बांधून, त्याच गल्लीत अगदी हळू एक फेरी मारणं. आवाज गेला तर दोष लिंकचा. वेगात जाऊ नका, वळणावर गाडी जास्त झुकते.

आता शॉकअपचं. शॉकअपच्या नळीवर ओलं तेल उतरलेलं नाही आणि खड्ड्यानंतर गाडी एकदोनदाच हलून थांबते, तर निव्वळ माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा मऊ तुकडा) आणि धुळीचं कव्हर बदललं की भागतं. मात्र १ लाख १८ हजारांवर आम्ही एवढं नक्की सांगू: शॉकअप उघडल्यावर दांडा हातानं दाबून, ओढून बघितल्याशिवाय परत बसवू नका. चाल मधेच पोकळ लागली किंवा दांड्याच्या चमकत्या भागावर गंजाचे खड्डे दिसले, तर तेव्हाच बदला. मजुरी दोन्ही वेळा तेवढीच पडते.

प्रश्न : हे काम घरी करता येईल का? पाने, गोटी सेट, जॅक आहे. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं की दोरखंडानं स्प्रिंग बांधून होतं. (कागल)

दोरखंड, साखळी, वेल्डिंगची तार यांतलं काहीही नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर वरची पत्र्याची वाटी छातीत किंवा तोंडावर येते. स्प्रिंग कंप्रेसरची जोडी मिळाली तरच हात घाला. नाही तर पुढचं सगळं करून शॉकअप जसाच्या तसा काढा आणि स्प्रिंग उघडण्याचं तेवढं काम गॅरेजमधून करून आणा. हा मधला मार्ग बरेच जण विसरतात.

सामान : माउंटिंग २, बेअरिंग २ (काही गाड्यांत ते माउंटिंगमध्येच येतं), बंप स्टॉप २, धुळीची कव्हरं २, मधले सेल्फ-लॉकिंग नट २. खालचे बोल्ट गंजलेले असतील तर तेही ४ नट-बोल्ट आणून ठेवा. गंजतेल आदल्या रात्रीच मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर, विशेषतः गगनबावड्याच्या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांचे हे बोल्ट सहज सुटत नाहीत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच किंचित सैल करा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. जॅकनं उचलून गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नको. चाक काढलं की पहिलं काम पाना फिरवण्याचं नाही, खुणा करण्याचं आहे. शॉकअपचा खालचा कान जिथे नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) बसतो तिथे रंगाची किंवा खिळ्यानं ओरखड्याची रेघ मारा, वर माउंटिंग टॉवरवर कुठल्या बाजूला बसलंय त्याचीही. मोबाईलवर फोटो काढा.

ब्रेकची नळी आणि एबीएसची तार शॉकअपवरच्या क्लिपमधून सोडवा. लिंक रॉडचा नट काढताना मधला खिळाही फिरायला लागतो. त्याच्या डोक्यात ॲलन की किंवा मागच्या बाजूला पाना धरून तो थांबवा. खालचे दोन बोल्ट काढताना नट बोल्टच्या टोकाला सरळ येईपर्यंत ठेवून हातोडी मारा, म्हणजे आटे मोडत नाहीत. त्याआधी लोअर आर्मखाली (नकलला खालून धरणाऱ्या आडव्या भागाखाली) दुसरा जॅक लावा किंवा नकल तारेनं बॉडीला बांधा. नाही तर नकल बाहेर झुकतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि ॲक्सलचा आतला जॉइंट ओढला जातो.

वरचे दोन-तीन नट शेवटी. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. वरून बघितलं की मधोमध जाड नट दिसतो, आणि हात तिथेच जातो. तो नट स्प्रिंगला धरून ठेवतो. स्प्रिंग दाबलेली नसताना त्याला हात लावायचा नाही. कडेचेच नट काढा, शेवटचा निघताना खालून शॉकअप दुसऱ्या हातानं धरा. तो जड असतो.

कंप्रेसरचे दोन्ही आकडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तेवढे जास्त वेढे पकडून लावा. एका बाजूचे चार-पाच आटे, मग दुसऱ्या बाजूचे तेवढेच, असं आलटून पालटून. हवेची गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारं हत्यार) इथे वापरू नये. स्प्रिंग वाटीत हातानं हलायला लागली की थांबा, त्याहून जास्त दाबायची गरज नाही. उभे राहताना टोकाच्या रेषेत राहू नका.

मधला नट काढताना दांडा ॲलन कीनं धरून ठेवा. दांड्याला पक्कड लावू नका. चकाकीवर एक ओरखडा पडला तरी सील महिन्याभरात तेल गाळायला लागतं. सुटलेले भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कापडावर मांडा : नट, वॉशर, माउंटिंग, बेअरिंग, वरची वाटी, कव्हर, बंप स्टॉप. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा हात फिरवून बघा. गंज तिथेच बसतो आणि तुटकं टोक वाटीत लपून राहतं. बंप स्टॉप चिमटीत दाबल्यावर चुरा झाला तर तो संपला.

बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला अगदी टेकलं पाहिजे. नवीन नट टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरालाच आवळणाऱ्या पान्यानं), गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळा. कंप्रेसर पुन्हा आलटून पालटून सोडा. डाव्या-उजव्या स्प्रिंगवर रंगाच्या वेगवेगळ्या खुणा असू शकतात, अदलाबदल करू नका. चाकाचे नट एकाआड एक आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर सगळे पुन्हा एकदा तपासा. सराईत हाताला दोन्ही बाजूंना मिळून अडीच-तीन तास लागतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं रविवार मोकळा ठेवावा.

प्रश्न : उद्यमनगरात लेथवर नायलॉनचं माउंटिंग करून मिळतं, ते कधीच खराब होत नाही म्हणतात. घ्यावं का? (शिरोली)

करून मिळेल यात शंका नाही. उद्यमनगरातला कारागीर नमुना बघून हवं ते वळून देतो. पण इथे चुकतो तो कारागीर नाही, मागणी चुकते. माउंटिंगचं काम फक्त वजन पेलण्याचं नाही. चाक खाली-वर होताना शॉकअपचा कोन थोडा बदलतो, आणि रबर ती तिरकी हालचाल पोटात घेतं. नायलॉन ती घेत नाही. मग दांडा सीलवर आडवा घासतो आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ टॉवरच्या पत्र्यावर जातो. जुन्या गाडीच्या टॉवरला तसाही गंज असतो, जोडाला चीर गेली की माउंटिंगपेक्षा कितीतरी मोठं काम अंगावर येतं.

लेथवाल्याकडून एक गोष्ट मात्र जरूर करून घ्या : मधल्या नटाच्या मापाची गोटी, वरून आरपार भोक पाडून. त्या भोकातून ॲलन की घालता येते आणि बाहेरून पाना लावता येतो, म्हणजे दांडा धरून नट टॉर्कला आवळणं जमतं. हे हत्यार नसल्यानंच बहुतेक ठिकाणी हवेची गन चालते.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी दोन्ही माउंटिंग नवीन टाकली. आता आवाज परत, शिवाय वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. करूळ घाटात तर हातानं ओढून आणावं लागलं. पार्ट डुप्लिकेट निघाला का? (गगनबावडा)

पार्टवर एकदम संशय नको. स्टिअरिंग परत न येणं ही बेअरिंगची तक्रार आहे. बेअरिंग उलटं बसलं तर असं होतं. त्याची एक बाजू माउंटिंगकडे आणि दुसरी वाटीकडे असते, खूण बारीक असते. जुनंच बेअरिंग परत घातलं असेल तरीही हेच. बिल बघा, त्यात बेअरिंगची वेगळी ओळ आहे का? नसेल आणि तुमच्या गाडीत ते सुटं येत असेल, तर उत्तर मिळालं.

आवाजाची कारणं दोन संभवतात. स्प्रिंगचं टोक पायरीत न बसल्यानं ती चालताना सरकते. किंवा नट गननं आवळताना दांडाही सोबत फिरला, त्यामुळे तो घट्ट वाटला पण टॉर्कला बसलाच नाही. दोन्हींसाठी शॉकअप उतरवावाच लागेल. बेअरिंग बदलल्यावरही स्टिअरिंग जड राहिलं, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि अलाइनमेंटकडे वळा. घाटरस्त्याला राहता, हे पुढच्या फेरीवर टाकू नका.

प्रश्न : एकाच बाजूचं खराब आहे, एकच बदललं तर? आणि अलाइनमेंट लागेलच का? (इचलकरंजी)

दोन्ही बदला. रबर दोन्हीकडे सारखंच जुनं आहे, दुसरं मागोमाग जातंच. अलाइनमेंट हवंच. खालचे बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा उभा कल) हलतो आणि त्यासोबत टो (चाकांची आत-बाहेर दिशा) देखील. आधी मारलेली रेघ गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ नेण्यापुरती असते. टायरची आतली कड आधीच खाल्ली असेल तर ती भरून येणार नाही.

प्रश्न : दुकानात तीन किमतींची माउंटिंग दाखवली. घेताना काय बघावं? (शाहूपुरी)

अंगठ्यानं रबर दाबा. दगडासारखं नको, मऊ चिकटही नको. रबर लोखंडाला चिकटलंय त्या कडेला नखानं जागा सुटते का बघा. बेअरिंग बोटावर फिरवा, खरखर लागली तर परत ठेवा. खोक्यावर तारीख असेल तर वाचा, कारण कपाटात पडून रबर कडक होतं. जुना पार्ट सोबत न्या आणि भोकांचं अंतर दुकानातच ताडून घ्या.