सावित्रीबाई फुले अहमदनगरच्या ज्या मिशन शाळेत शिकल्या, तिचा इतिहास काय आहे?

सावित्रीबाईंच्या चरित्रांत ही शाळा एका ओळीत आटोपते. ती कोणी काढली आणि फुले दांपत्याचा तिच्याशी नेमका काय संबंध, असे आपण विचारले आहे. शाळा अमेरिकन मराठी मिशनची होती आणि तिची हकीकत नगरच्या आधी मुंबईत सुरू होते. या मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८२४ मध्ये त्यांनी मुलींसाठी पहिली शाळा काढली. मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी एखादी बाई हवी, या मागणीवरून १८२७ च्या अखेरीस सिंथिया फॅरार मुंबईत उतरल्या. हे मिशन चालवणाऱ्या ‘अमेरिकन बोर्ड’ या धर्मप्रसारक संस्थेने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी त्या एक. १८३७ साली त्या मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परतल्यावर त्यांनी नगरच्या शाळांचे काम हाती घेतले.

तेथे वाचन, लेखन, अंकगणित यांबरोबर शिवणकामही शिकवले जाई, आणि अर्थातच बायबल. हा शेवटचा भाग वगळून शाळेचे गोडवे गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण धर्मप्रसार हाच मिशनचा उघड हेतू होता आणि मुलींना शाळेत पाठवताना पालक बिचकत, त्याचे एक कारणही तेच होते. ती धास्ती निराधार नव्हती: १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी मुलांनी धर्मांतर करताच पालकांनी धडाधड मुले काढून घेतली होती. शिवाय लहान वयात लग्न झाले, की मुलीची शाळा सुटे, ते वेगळेच.

जोतीराव मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासह ही शाळा पाहून आले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात त्यांची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतले, असे सांगितले जाते. माझ्या मते खरे महत्त्व येथे आहे: फुल्यांनी मिशनकडून शिकवण्याची पद्धत घेतली, पण शाळेचा कारभार एतद्देशीय ठेवला आणि धर्मशिक्षण बाजूला सारले. म्हणूनच भिडे वाड्यातील शाळेला पहिली म्हणताना ‘भारतीयांनी काढलेली’ हे शब्द गाळू नयेत, कारण मुंबईतील मिशनची शाळा तिच्या २४ वर्षे आधीची आहे. फॅरारबाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.