पांढऱ्या पेशी वाहत्या रक्तात थांबतात कशा?

रक्त सतत वाहत असताना पांढऱ्या पेशी नेमक्या जखमेपाशीच कशा चिकटतात, आणि एरवी का चिकटत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. ‘सूज आली की रक्तवाहिनीची भिंत चिकट होते’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. पकड दोन प्रकारची असते, एक कच्ची आणि एक पक्की.

समजा, काटा रुतला. आसपासच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. तिथल्या बारीक शिरांच्या अस्तरात पी-सिलेक्टिन हे पकड घेणारं प्रथिन आधीपासूनच साठवलेलं असतं, ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं. (ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास जातात.) न्यूट्रोफिलच्या (हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) अंगावरच्या साखरेच्या साखळ्या त्यात अडकतात, पण मागची पकड सुटते आणि पुढची लागते, असं चालू राहतं. ही कच्ची पकड. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळचा पातळ पडदा पाहिला तर मधून लाल पेशींचा लोंढा सुसाट जाताना दिसतो आणि कडेने पांढरे गोळे अडखळत, गडगडत चाललेले.

असं रेंगाळताना पेशीला अस्तरावरची केमोकाइन, म्हणजे इशारा देणारे रेणू, हुंगता येतात. तो इशारा मिळाला, की एरवी मान दुमडून बसलेली तिच्या अंगावरची इंटेग्रिन ही प्रथिनं क्षणात ताठ होतात आणि भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात. ही पक्की पकड. मग पेशी चपटी होते आणि बहुधा अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सरकते. इशारा नसेल तर ती सुटून पुढे वाहत जाते.

या दोन पकडी खरंच वेगळ्या आहेत हे दोन दुर्मिळ जन्मजात आजारांत दिसतं. पहिल्यात इंटेग्रिनचा सीडी-१८ हा भाग सदोष असतो. पेशी गडगडतात, पण थांबत नाहीत. बाळाची नाळ तीन-चार आठवडे पडत नाही, रक्तपेशींच्या मोजणीत (सीबीसी) पांढऱ्या पेशी भरमसाठ, आणि जखमेत पू मात्र नाही! (नुसती नाळ उशिरा पडली म्हणून लगेच धसका घेऊ नका.)

दुसऱ्यात फ्युकोज ही साखर साखळीला जोडलीच जात नाही, त्यामुळे गडगडणंच बिघडतं. फ्युकोजशिवाय ए आणि बी या रक्तगटांच्या खुणा ज्यावर बनतात तो एच प्रतिजनही बनत नाही, म्हणून या मुलांचा रक्तगट ‘बाँबे’ हा एच नसलेला दुर्मिळ गट निघतो, म्हणजे १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला तोच. एरवीच्या बाँबे गटाच्या लोकांत फक्त एच बनवणारं एन्झाइम नसतं, बाकी फ्युकोज जागच्या जागी असतं. त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यवस्थित चिकटतात.